टोपल्या बारा की सात?

मिरजेच्या चर्चमध्ये बायबलची प्रश्नमंजूषा झाली की एका प्रश्नावर वाद ठरलेला: येशूनं मोजक्या भाकरींत हजारोंना जेवू घातल्यावर उरलेल्या तुकड्यांच्या टोपल्या किती? कुणी बारा म्हणतं, कुणी सात. दोघंही बरोबर असतात, कारण जेवणं दोन आहेत. पाच हजार लोकांचं चारही शुभवर्तमानांत, म्हणजे मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या नावांच्या येशूचरित्रांत, आहे. चार हजारांचं फक्त मत्तय आणि मार्कमध्ये.

पाच हजारांच्या वेळी भाकरी पाच, मासे दोन. भाकरी म्हटलं की आपल्याकडे डोळ्यांपुढे शाळूचीच येते. योहान मात्र जवाची सांगतो, म्हणजे गरिबाघरची. मार्कचं वर्णन सावकाश वाचावं असं आहे. मेंढपाळ नसलेल्या मेंढरांसारखे लोक बघून येशूला कळवळा येतो आणि हिरव्या गवतावर शंभर-शंभर, पन्नास-पन्नासाच्या पंगती बसतात. यहुदी माणसाला हे ऐकताना देवाला मेंढपाळ म्हणणारं, हिरव्या कुरणांचं तेविसावं स्तोत्र आठवणार, देवानं रानात इस्राएल लोकांना खायला दिलेला मान्नाही आठवणार. टोपल्या उरतात बारा, आणि इस्राएलाचे वंशही बाराच.

चार हजारांच्या वेळी भाकरी सात, मासे थोडेसे. लोक तीन दिवस मुक्कामाला आहेत, खायला काही उरलेलं नाही, काही जण लांबून आलेत. मार्कमध्ये येशू याआधी दकापलीसच्या मुलखात, म्हणजे बहुतेक बिगरयहुदी वस्तीत, पोहोचलेला असतो. त्याच्याही आधी सुरफुनीकी, म्हणजे बिगरयहुदी, बाईचा प्रसंग आहे. मुलांची (म्हणजे यहुद्यांची) भाकरी कुत्र्यांना (म्हणजे परक्यांना) घालणं बरं नाही, असं येशू म्हणतो तेव्हा ती लेकीसाठी आलेली बाई मागे हटत नाही. मेजाखालची कुत्रीसुद्धा मुलांच्या हातून पडलेला चुरा खातात, म्हणते. तिनं मागितला होता चुरा, आणि पुढच्याच अध्यायात परक्या मुलखातले लोक पोटभर जेवून उठतात. दुसऱ्या जेवणाचा अर्थ मला या क्रमात दिसतो. सात टोपल्या म्हणजे कनानातली, म्हणजे इस्राएल लोक येण्याआधी त्या देशात राहणारी, सात राष्ट्रं, असंही काही जण लावतात. ते जरा ओढूनताणून वाटतं. शिवाय या सात टोपल्या बारांपेक्षा कमी समजू नयेत. त्या मोठ्या होत्या; तसल्याच टोपलीत बसवून पुढे प्रेषित पौलाला दिमिष्क (दमास्कस) शहराच्या तटावरून खाली सोडलं.

एकच घटना दोनदा लिहिली गेली, असं म्हणणारे अभ्यासकही आहेत, आणि त्यांचा मुद्दा बिनतोड नसला तरी वजनदार आहे: पहिलं जेवण डोळ्यांनी पाहिलेले शिष्य दुसऱ्या वेळी पुन्हा विचारतात, या रानात इतक्यांना भाकरी आणायच्या कुठून? पण मार्कला दोन्ही वेगळीच हवी होती. पुढे होडीत एकच भाकरी असते आणि शिष्य भाकरीची काळजी करत बसतात. येशू त्यांच्याकडून दोन्ही आकडे वदवून घेतो. ते बिनचूक सांगतात, आधी बारा, मग सात. त्यावर तो एवढंच विचारतो, तुम्हांला अजून समजत नाही काय?