बांधाकडेची माती आणि काकांचं स्फुरद

एक एकर रानाची वरची १५ सेंटिमीटर माती तोलली, तर साधारण ९ लाख किलो भरेल. त्यातली माती परीक्षणासाठी प्रयोगशाळेत जाते अर्धा किलो. सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या काडीकचऱ्यातला कार्बन, मोजायला तर जेमतेम ग्रॅमभर लागते. त्या ग्रॅमभर मातीने अख्ख्या रानाची साक्ष द्यायची!

आमच्या काकांनी बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या शिवारात बांधालगतची चार खुरपी माती उचलली, डीएपी या स्फुरदाच्या (फॉस्फरसच्या) खताच्या रिकाम्या पोत्यावर वाळवली आणि दिली पाठवून. अहवालात स्फुरद उदंड. काका खूश. पोत्याला चिकटलेली पूड मातीत मिसळली होती, हे नंतर उमगलं.

नमुना घ्यायचा तो पीक निघाल्यावर, शेणखत विस्कटायच्या आधी. आमच्याकडे भातामागे मसूर-वाटाणा असतो, तो काढला की रान मोकळंच. नागमोडी चालत १५-२० ठिकाणं धरायची. बांध, झाडाची सावली, उकिरड्याची जागा, जनावरं बांधायची जागा टाळायची. काडीकचरा सारून पंधरा-वीस सेंटिमीटर खोल, व्हीच्या आकाराचा खड्डा घ्यायचा. आतली माती काढून टाकायची आणि तिरप्या कडेची बोटभर जाड चकती वरपासून तळापर्यंत सारख्या जाडीने कापायची. इथेच हात घाई करतो. वर जाड, खाली पातळ कापली तर वरच्या थरातल्या खताचं पारडं जड होतं. जस्त, लोह तपासायचं असेल तर गंजकं खुरपं आणि पत्र्याची बादली नको; बांबूच्या कामटीने कड खरवडून माती प्लास्टिकच्या घमेल्यात घ्यावी.

सगळी माती कालवून गोल पसरायची, चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे. उरलेली पुन्हा कालवायची, असं अर्धा किलो उरेपर्यंत. मग सावलीत वाळवायची.

दोन जातींची माती मात्र एकत्र करू नये. खानापूरकडची तांबडी माती पावसाने धुऊन आम्लाकडे झुकलेली, अथणीकडची काळी चुनखडीची. हे तर कुणीही ओळखेल. पण एकाच रानातला माळाचा तुकडा आणि खालचा चिबड, पाणी साचणारा तुकडा यांचेही नमुने वेगळे हवेत.

कापडी पिशवीत चिठ्ठी टाकायची: नाव, सर्व्हे नंबर, मागचं पीक, तारीख. पेन्सिलीने लिहा, ओलीत शाई फुटते. यंदा काकांनी चिठ्ठी स्वतः लिहिली, आणि पोतं गोठ्यातच ठेवलं.