लग्न व्हायचं राहिलेला नायक आणि लग्न न करणारा नायक

अद्भुत साहसकथांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "नायक सडाफटिंगच लागतो, कारण बायको आली की साहस संपलं." या वाक्यात दोन अगदी वेगळे नायक एकाच पोत्यात कोंबलेले असतात. एकाचं लग्न अजून व्हायचंय. दुसऱ्याचं होणारच नाही. गोष्टीच्या सुरुवातीला दोघेही एकटे दिसतात, म्हणून फसगत होते.

पहिला सगळ्यांच्या ओळखीचा आहे. आटपाट नगराचा राजपुत्र, सात समुद्र, राक्षसाचा जीव पोपटात, शेवटी अर्धं राज्य आणि राजकन्या. रशियन अभ्यासक व्लादिमीर प्रॉप यांनी १९२८ साली परीकथेतल्या घटनांचा क्रम ३१ टप्प्यांत मांडला. त्यातला एकतिसावा टप्पा नायकाच्या लग्नाचा आणि राज्यारोहणाचा आहे. म्हणजे हा नायक लग्नाला नको म्हणत नाही, तो लग्नाकडेच निघालेला असतो. त्याला पहिल्याच पानावर बोहल्यावर चढवलं तर गोष्टीला पोहोचायला ठिकाणच उरत नाही.

दुसऱ्याचे ठळक नमुनेही माहीत आहेत: भीष्म, मारुती, युरोपातल्या मध्ययुगीन कथांतला आर्थर राजाचा सरदार सर गॅलहॅड. इथे एकटेपण हीच कथेतली शक्ती किंवा अट असते. सत्यवतीच्या मुलांना गादी मिळावी म्हणून भीष्माची प्रतिज्ञा. ती मोडली तर पुढचं सगळं महाभारत वेगळं होईल. सगळे सरदार ज्याच्या शोधात असतात तो येशूचा पवित्र चषक गॅलहॅडला सापडतो तो त्याच्या निष्कलंकपणामुळे. त्याचा बाप लॅन्सलॉट शौर्यात कुठेच कमी नाही, पण आर्थरच्या राणीवरच्या प्रेमामुळे तो अपात्र ठरतो.

इथपर्यंत कोणी चुकत नाही. गोंधळ होतो तो प्रतिज्ञाही नाही आणि राजकन्याही समोर दिसत नाही तेव्हा. टॉल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या कादंबरीबद्दल बोलताना तर नेहमीच. "त्यात सगळेच ब्रह्मचारी" असं लोक बिनदिक्कत ठोकून देतात. नीट वाचलं तर त्या एकाच कादंबरीत दोन्ही जाती शेजारीशेजारी चालताना दिसतात.

राज्य गमावलेल्या राजवंशाचा वारस ॲरागॉर्न शंभर टक्के पहिल्या जातीचा. त्याचं प्रेम आर्वेनवर. तिचा बाप एल्रॉन्ड अट घालतो: गोंडोर आणि आर्नोर या दोन्ही राज्यांचा राजा होशील तेव्हाच मुलगी देईन. वाङ्निश्चय होतो तेव्हा ॲरागॉर्न ४९ वर्षांचा असतो आणि लग्न होतं ८८व्या वर्षी. मधली ३९ वर्षं त्याच्या प्रत्येक लढाईमागे ती अट उभी आहे. मग वाचकाला हे जाणवत का नाही? कारण ही हकिगत लेखकाने कादंबरीच्या शेवटी जोडलेल्या परिशिष्टात ठेवली आहे आणि मूळ कथेत आर्वेन जेमतेम दिसते. परिशिष्ट न वाचता ॲरागॉर्नला वैरागी ठरवणं मला अजिबात पटत नाही.

सगळ्या संकटाचं मूळ असलेली अंगठी नष्ट करायला निघालेल्या फ्रोडोचं तसं नाही. तो पन्नाशीचा होऊन घर सोडतो. त्याची कुणी वाट पाहत नाही, त्याने कसली शपथ घेतलेली नाही, कुणी अट घातलेली नाही. त्याचं एकटेपण वारशाच्या धाग्याने आलंय. त्याचा वडीलधारा नातेवाईक बिल्बो याने लग्न केलं नाही, म्हणून त्याचं घर आणि ती अंगठी दत्तक घेतलेल्या पोरक्या फ्रोडोकडे आली. बिल्बोला मुलगा असता तर अंगठी सरळ त्याच्याकडे गेली असती. परतल्यावर मात्र कारण बदलतं. आता आड येते ती जखम, आणि तीही भरून येणारी साधी जखम नाही. वाटेत वेदरटॉप टेकडीवर बसलेला घाव दर वर्षी त्याच तारखेला ठणकतो आणि जे वाचवायला तो गेला होता त्यात त्याला पुन्हा राहता येत नाही. त्याचा सोबती सॅम याला नेमकं तेच जमतं. शत्रूच्या मॉर्डोर प्रदेशातल्या शेवटच्या वाटचालीत त्याला गावातली रोझी आठवते, परत येऊन तो तिच्याशी लग्न करतो, पुढे त्यांना तेरा मुलं होतात. दोघे एकाच वाटेने गेले, एकाच वाटेने आले. सॅमच्या लग्नाशेजारी ठेवल्याशिवाय फ्रोडोला काय गमवावं लागलं ते कळतच नाही.

म्हणून कसोटी साधी ठेवावी. गोष्टीतून शेवटचं लग्न काढून बघा. गोष्ट अर्धवट वाटली तर नायक पहिला. उलट, शेवटी लग्न लावून बघा. आधीचं सगळं खोटं वाटायला लागलं तर नायक दुसरा. नवे लेखक इथेच घसरतात: फ्रोडोसारखा नायक रचतात आणि शेवटच्या प्रकरणात कुठून तरी मुलगी आणून त्याचे दोनाचे चार हात करतात. पहिल्या जातीचा नायक हवा असेल तर ती व्यक्ती आणि लग्नाची अट निदान पहिल्या चतुर्थांशात यायला हवी. दुसऱ्या जातीचा हवा असेल तर त्याच्यामागे वारसा कोण चालवणार, पुतण्या, शिष्य की मित्र, हे आधी ठरवावं.

लग्न झालेले नायक साहस करत नाहीत, हे तर धादांत चूक. ग्रीक महाकाव्यातला ओडिसियस ट्रॉयच्या युद्धात दहा वर्षं लढतो आणि बायकोकडे परतताना दहा वर्षं घरी पोहोचायला घेतो. बायको असल्यामुळे गोष्टीची दिशा घराकडे वळते, इतकंच. 'कथासरित्सागर' या जुन्या संस्कृत कथासंग्रहातला राजपुत्र नरवाहनदत्त एकामागून एक लग्नं करत विद्याधरांचा सम्राट होतो. वनवासातल्या अर्जुनाबद्दल वेगळं सांगायला नको.

राहिली मालिका. इंद्रजाल कॉमिक्समुळे आपल्याकडे घरोघरी पोहोचलेला मुखवटाधारी वेताळ (मूळ इंग्रजीत 'फँटम') अनेकांना दुसऱ्या जातीचा वाटतो. तो आहे पहिल्याच जातीचा. तो एकविसावा वेताळ, आणि मुखवटा बापाकडून मुलाकडे जातो, म्हणजे त्याला लग्न करणं भागच आहे. वर्तमानपत्रातली मूळ चित्रमालिका १९३६ साली सुरू झाली, त्याची प्रेयसी डायना सुरुवातीपासून हजर होती, तरी लग्न लागलं १९७७ साली. रोज चालणाऱ्या मालिकेला शेवट परवडत नाही, म्हणून शेवटी यायचं लग्न चार दशकं पुढे ढकलत नेलं. वाचकांनी ती दिरंगाई बघितली आणि तिलाच ब्रह्मचर्य समजले. लग्नानंतर जुळी मुलं झाली, डायनाची संयुक्त राष्ट्रांतली नोकरी चालू राहिली, आणि वेताळाची साहसंही.