अलेक्सिया कोणती आणि आयताना कोणती?

महिला फुटबॉल नव्याने बघणाऱ्यांची इथे हमखास गल्लत होते. अलेक्सिया पुतेयास आणि आयताना बोनमती, दोघी स्पेनमधल्या कॅटलोनिया प्रांताच्या. बार्सिलोना आणि स्पेनच्या मधल्या फळीत दोघी शेजारीशेजारी खेळल्या. जर्सीवर दोघींचं आडनाव नसतं, नुसतं नाव. त्यात 2021 ते 2025 या पाच वर्षांत महिलांचा बॅलन डोर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार, या दोघींशिवाय कुणालाच मिळाला नाही. आधीचे दोन अलेक्सियाचे, पुढचे तीन आयतानाचे. त्यामुळे एक थांबली आणि तिच्या जागी दुसरी आली, असा समज होतो. तो चुकीचा आहे.

सोपी खूण हवी असेल तर नंबर बघा: बार्सिलोनाकडून अलेक्सिया 11, आयताना 14. पण खरी ओळख पायांवरून पटते. अलेक्सिया डावखुरी. ती गोलच्या जवळ जागा हेरून थांबते, बॉल आला की एका स्पर्शात तो डाव्या पायावर घेते आणि पास तरी देते, नाहीतर थेट फटका मारते. आयताना उजव्या पायाची, चणीने लहान. बॉल यायच्या आधी ती मान वळवून आजूबाजूला बघून घेते, अंगावर आलेल्या खेळाडूला गिरकीत मागे टाकते आणि बॉल स्वतःच पुढे नेते. अलेक्सिया हल्ला संपवते, आयताना तो ओढून नेते, असं मला वाटतं.

2024 चा चॅम्पियन्स लीगचा (युरोपातल्या क्लबांची सर्वात मोठी स्पर्धा) अंतिम सामना एकदा बघाच. स्पेनमधल्या बिल्बाओला बार्सिलोनाने फ्रान्सच्या लियाँ क्लबला 2-0 हरवलं, लियाँवरचा त्यांचा तो पहिलाच विजय. पहिला गोल आयतानाचा: बॉल घेऊन बॉक्समध्ये घुसली, फटका मारला आणि तो बचावपटूला लागून आत गेला. दुसरा अलेक्सियाचा. अगदी शेवटी बदली म्हणून ती उतरली आणि भरपाईच्या वेळेत डाव्या पायाने बॉल जाळ्यात ठोकला. दोघींमधला फरक या दोन गोलांत अख्खा दिसतो.

बार्सिलोनात दोघी आल्या त्या एकाच वर्षी, 2012 मध्ये. अलेक्सिया एस्पान्योल, लेव्हान्ते हे क्लब करून 18 व्या वर्षी थेट मुख्य संघात. आयताना 14 वर्षांची, क्लबच्या मुलींच्या संघात. त्याआधी ती गावच्या मुलांबरोबर खेळायची. (बोनमती हे तिच्या आईचं आडनाव. ते आधी लावता यावं म्हणून आईवडील कायदा बदलायच्या लढ्यात उतरले होते.)

मग पुरस्कार एकीकडून दुसरीकडे कसा गेला? जुलै 2022 मध्ये युरो स्पर्धेच्या (युरोपातल्या देशांची स्पर्धा) आदल्या दिवशी सरावात अलेक्सियाच्या डाव्या गुडघ्याचा एसीएल, म्हणजे गुडघ्यातला मुख्य अस्थिबंध, तुटला. दुसरा बॅलन डोर तिला मिळाला तेव्हा ती मैदानाबाहेरच होती. पुढच्या वर्षी स्पेनने विश्वचषक जिंकला, त्यात स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू ठरली आयताना. दुखापतीतून नुकती सावरलेली अलेक्सिया अंतिम सामन्यात शेवटच्या काही मिनिटांपुरती आली.

आयतानाच्याही वाटेत असा खड्डा आला. 2025 च्या युरोच्या तोंडावर तिला व्हायरल मेनिंजायटिस (विषाणूमुळे मेंदूच्या आवरणाला येणारी सूज) झाला, दवाखान्यात भरती व्हावं लागलं. तरी उपांत्य सामन्यात जर्मनीविरुद्ध, जादा वेळेत 113 व्या मिनिटाला, आपल्याकडे पहाटेचे तीन वाजत आले असताना, तिने अवघड कोनातून गोलकीपर आणि जवळच्या खांबामधल्या फटीतून बॉल आत घातला.