लक्षणं नव्हती म्हणजे काहीच झालं नव्हतं का?

"मला कोविड झालाच नाही" असं छातीठोक सांगणारे चारपाच जण तरी प्रत्येकाच्या ओळखीत असतात, पण त्यातल्या कित्येकांना तो होऊन गेला असणार, फक्त कळला नाही. हे पहिल्यांदा नीट दिसलं ते जपानमध्ये. फेब्रुवारी २०२० ला डायमंड प्रिन्सेस ही क्रूझ योकोहामा बंदरात क्वारंटाइन करून ठेवली होती, आत ३,७११ माणसं, त्यातली ७१२ पॉझिटिव्ह निघाली आणि टेस्ट घेतली तेव्हा जवळपास निम्म्यांना ना ताप ना खोकला. (काहींना नंतर लक्षणं आली, टेस्टच्या दिवशी ठणठणीत असणं आणि शेवटपर्यंत तसंच राहणं यात फरक आहे.)

मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. याच जहाजावरच्या लक्षणं नसलेल्या ८२ जणांचे सीटी स्कॅन तिथल्या डॉक्टरांनी तपासले तर ४४ जणांच्या फुफ्फुसात डाग! म्हणजे माणसाला काही जाणवत नव्हतं, पण आत काहीतरी चालू होतं, आणि हे आपल्याला मार्च २०२० पासूनच माहीत होतं.

आपल्याकडे एप्रिलमध्ये मुंबईत पत्रकारांची टेस्ट केली तेव्हा ५३ जण पॉझिटिव्ह आले, बहुतेकांना काही त्रास नव्हता. मग जुलैमध्ये शहरातल्या तीन वॉर्डांत सिरो सर्व्हे (रक्त तपासून संसर्ग आधी होऊन गेलाय का ते बघणं) झाला, झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांच्या रक्तात अँटीबॉडी सापडल्या, बाकीच्या वस्तीत १६ टक्के. यातल्या बहुतेकांची कधी टेस्टच झाली नव्हती, त्यामुळे पुढे कुणाला जिना चढताना धाप लागली, थकवा जाईना, साध्या गोष्टी आठवेनात, तर ते कोविडशी जोडणार कसं? हातात रिपोर्टच नाही.

कोविड होऊन गेल्यावर रेंगाळणाऱ्या अशा त्रासाला लाँग कोविड म्हणतात, आणि हे नावसुद्धा पेशंटनेच दिलंय, मे २०२० मध्ये एलिसा पेरेगो या इटलीतल्या पुरातत्त्व संशोधक बाईंनी स्वतःच्या दुखण्याबद्दल लिहिताना ते वापरलं आणि जगभरच्या आजारी लोकांनी ते उचलून धरलं. गंभीर आजारी पडलेल्यांपेक्षा लक्षणं नसलेल्यांना हा त्रास कमी होतो हे खरं, पण अजिबात होत नाही असं नाही. ऑक्टोबर २०२१ ला जागतिक आरोग्य संघटनेने व्याख्या केली तेव्हा त्यात खात्रीच्या संसर्गासोबत 'संभाव्य' संसर्गही धरला, म्हणजे पॉझिटिव्ह रिपोर्ट नसला तरी पेशंटची तक्रार ऐकायला जागा ठेवली.