घरचा डीएनएस निवडताना वेग थोडा मागे ठेवा

ब्राउझरमध्ये साइटचं नाव टाकलं की पान उघडण्याआधी त्या नावाचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा त्याचा आकडी पत्ता, शोधावा लागतो. हे काम डीएनएसचं (डोमेन नेम सिस्टिम). पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ साली ही व्यवस्था आखली. त्याआधी अर्पानेटवरच्या, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वज जाळ्यावरच्या, सगळ्या संगणकांची नावं आणि पत्ते एकाच फाइलमध्ये असायचे. आज बातम्यांचं एखादं पान उघडायचं तरी चित्रं, जाहिराती, फॉन्ट अशा कित्येक ठिकाणांचे पत्ते विचारावे लागतात.

घरी राउटर लागला की इंटरनेट देणाऱ्या कंपनीचाच डीएनएस आपसूक सुरू होतो. तो बदलता येतो आणि त्याला पैसेही पडत नाहीत. गूगलचा ८.८.८.८ हा २००९ पासून आहे, क्वाड९चा ९.९.९.९ हा २०१७ पासून आणि क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ हा २०१८ पासून. ‘डीएनएस बदला, नेट सुसाट पळेल’ हा सल्ला मात्र अर्धाच खरा आहे. फाइल डाउनलोड व्हायला किंवा व्हिडिओ चालायला लागला की डीएनएसचं काम संपलेलं असतं. कमी होतो तो फक्त सुरुवातीचा उशीर, आणि तोही दर वेळी नाही, कारण एकदा मिळालेलं उत्तर ठरावीक काळ साठवून ठेवलं जातं.

हे स्वतः पाहता येतं. संगणकावर ‘डिग’ ही आज्ञा वापरून एखादं नाव विचारा आणि खालची ‘क्वेरी टाइम’ची ओळ बघा. लगेच तेच नाव पुन्हा विचारा. दुसऱ्यांदा आकडा बहुतेक वेळा बराच खाली येतो. मग हाच प्रयोग वेगवेगळ्या सेवांवर करा, दिवसा आणि रात्रीही. सगळ्यात वेगवान सेवा कोणती, याचं उत्तर तुमच्या जोडणीवर ठरतं. दुसऱ्याच्या घरची मोजणी तुमच्या कामाची नाही. दोन सेवांमध्ये पाच-दहा मिलिसेकंदांचा फरक निघाला, तर तो खुशाल सोडून द्या.

खरा विचार करायचा तो विश्वासाचा. घरातल्या प्रत्येक फोनने, टीव्हीने, संगणकाने विचारलेलं जवळपास प्रत्येक नाव डीएनएस सेवेला कळतं. कोण आजारी आहे, कोण नोकरी शोधतंय, याचा अंदाज त्या यादीवरून सहज बांधता येतो. म्हणून सेवा निवडण्याआधी तिचं गोपनीयता धोरण वाचाच. तुमच्या आयपी पत्त्यासकटच्या तात्पुरत्या नोंदी २४ ते ४८ तासांत पुसतो, असं गूगल सांगतं. क्वाड९ ही ना-नफा संस्था आहे आणि २०२१ पासून ती स्वित्झर्लंडमधून चालते. मला ही गोष्ट वेगापेक्षा मोलाची वाटते.

दुसरा प्रश्न उत्तराच्या खरेपणाचा. सुरक्षा संशोधक डॅन कॅमिन्स्की यांनी २००८ साली दाखवून दिलं, की डीएनएस सेवेने साठवून ठेवलेल्या उत्तरांत खोटं उत्तर घुसवणं भलतंच सोपं आहे. प्रश्न-उत्तराची जोडी जुळवणारा क्रमांक फक्त १६ बिटांचा, म्हणजे शक्यता अवघ्या ६५,५३६. बँकेचं नाव अचूक टाइप करूनही माणूस भामट्याच्या साइटवर पोचू शकला असता. त्यावर तातडीचे उपाय झाले, आणि उत्तरावर डिजिटल सही असणारी डीएनएससेक ही पद्धत २०१० मध्ये डीएनएसच्या मुळापर्यंत, म्हणजे सगळ्या नावांच्या वरच्या ‘रूट’ पातळीपर्यंत, पोचली. तुमची सेवा ही सही तपासते ना, ते पाहा. वर दिलेल्या तिन्ही सेवा तपासतात.

सहीमुळे उत्तर खरं ठरतं, पण प्रश्न उघडाच राहतो. जुन्या पद्धतीचा डीएनएस प्रश्न साध्या मजकुरात जातो आणि वाटेतला कोणीही तो वाचू शकतो. डीओटी (डीएनएस ओव्हर टीएलएस) आणि डीओएच (डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस) या पद्धती तो कूटबद्ध करतात, म्हणजे वाटेत कुणाला वाचता येणार नाही असा करतात. अँड्रॉइड ९ पासून सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ हा पर्याय आहे. तिथे आकडे चालत नाहीत, सेवेचं नाव भरावं लागतं. एवढं करूनही तुम्ही कोणत्या आयपी पत्त्याशी जोडले गेलात, हे इंटरनेट कंपनीला दिसतंच. डीएनएस म्हणजे सगळी ये-जा झाकणारा व्हीपीएन नव्हे.

घरात लहान मुलं किंवा फसव्या लिंकवर पटकन क्लिक करणारी मंडळी असतील, तर घातक साइट अडवणारी सेवा घ्या, असं मी आग्रहाने सांगेन. क्वाड९चा ९.९.९.९ आणि क्लाउडफ्लेअरचा १.१.१.२ हे काम करतात, क्लाउडफ्लेअरचाच १.१.१.३ प्रौढांसाठीच्या साइटही अडवतो. इथे एक चूक हमखास होते: राउटरच्या डीएनएस सेटिंग्जमध्ये पहिल्या रकान्यात गाळणी असलेला, म्हणजे साइट अडवणारा, पत्ता आणि दुसऱ्यात ‘राखीव’ म्हणून ८.८.८.८. उपकरण दोन्हींपैकी कुणालाही विचारू शकतं, त्यामुळे गाळणी अधूनमधून निकामी होते. दोन्ही पत्ते एकाच सेवेचे, एकाच प्रकारचे भरा. आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांची नवी पद्धत) चालू असेल तर त्याचेही रकाने बदला, नाहीतर काही प्रश्न गुपचूप जुन्याच डीएनएसकडे जात राहतील. बदल झाल्यावर संगणकावर ‘एनएसलुकअप’ ही आज्ञा एखाद्या नावासह चालवा. उत्तर कोणत्या सर्व्हरने दिलं, ते पहिल्याच ओळींत दिसतं. तिथे राउटरचा पत्ता दिसला, तर राउटर पुढे कुणाला विचारतो, ते त्याच्या सेटिंग्जमध्ये तपासा.