व्हिडिओ बघून भारावणं वेगळं, स्वतः करून बघणं वेगळं

प्रेरणादायी व्हिडिओ लावला काय किंवा कागद-कात्री-गोंद काढून बसवलं काय, वर्गात दोन्हीला ॲक्टिव्हिटीच म्हणतात, मुलंही दोन्हीत खूश असतात, त्यामुळे फरक काय असं कोणी विचारतच नाही. पण दोन्हीचं काम एकदम वेगळंय.

व्हिडिओ संपतो, टाळ्या पडतात, एखाद-दुसऱ्याचे डोळेसुद्धा पाणावतात, आणि पुढच्या तासाला गणित सुरू झालं की तोच मुलगा 'मला नाही येत' म्हणून वही मिटतो. असं का होतं? मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ साली 'आपल्याला जमेल' हा विश्वास कुठून येतो ते मांडलं, त्यात चार गोष्टी होत्या: स्वतः करून जमलेलं काम, दुसऱ्याला करताना बघणं, कोणीतरी धीर देणं, आणि त्या वेळची आपली धडधड-उत्साह वगैरे. सगळ्यात भक्कम पहिली. व्हिडिओ बाकीच्या तिन्ही गोष्टी करू शकतो (मागे म्युझिक असतंच), पहिली मात्र त्याच्याकडून होत नाही, ती मुलाने स्वतःच करायची असते.

म्हणून व्हिडिओ बंद करा असं मी म्हणत नाहीये, फक्त कुठला लावतोय ते बघा. २०१६ मध्ये एक अभ्यास आला होता, न्यूयॉर्कमधल्या नववी-दहावीच्या मुलांना आइनस्टाइन, मेरी क्युरी, फॅरेडे यांच्याबद्दल वाचायला दिलं, काहींना त्यांच्या धडपडीबद्दल, अपयशाबद्दल आणि काहींना फक्त त्यांच्या यशाबद्दल. धडपड वाचलेल्यांचे सायन्सचे मार्क सुधारले, त्यातही आधी कमी मार्क असलेल्यांना जास्त फायदा झाला, नुसतं यश वाचलेल्यांचे मात्र सुधारले नाहीत. तिथे व्हिडिओ नव्हता, वाचायचा मजकूर होता, पण निवड करताना हे उपयोगी पडतं. बाजूला ट्रॉफी, समोर गर्दी, शेवटी एक दमदार वाक्य, असले व्हिडिओ बघून मूल म्हणतं 'तो भारीच आहे', झालं, विषय संपला.

आता दुसरी बाजू, आणि इथे जास्त घोळ होतो. फुलपाखराचा छापील कागद वाटला, पंखांना कुठला रंग ते बाईंनीच सांगितलं, आणि भिंतीवर सगळी फुलपाखरं जुळ्या भावंडांसारखी लागली तर ते सूचना पाळणं झालं. त्याचाही उपयोग असतो, लहान मुलांचा हात वळतो, पण त्याला क्रिएटिव्ह म्हणू नका राव. त्याऐवजी एक वर्तमानपत्राचा कागद आणि थोडा चिकटपट्टीचा तुकडा द्या, दोन बाकांमध्ये पूल बांधायला सांगा आणि त्याच्यावर कंपासपेटी राहिली पाहिजे एवढीच अट ठेवा. कोणी नळ्या वळेल, कोणी पंख्यासारख्या घड्या घालेल, बऱ्याच जणांचा पूल पहिल्यांदा धाडकन पडेल, मग 'मधे वाकतोय रे, अजून एक घडी घाल' असं सुरू होईल. शिक्षकाने तेवढा वेळ गप्प राहायचं (हे सगळ्यात अवघड!).

दोन्ही जोडायचं असेल तर व्हिडिओ शेवटपर्यंत लावूच नका. त्यातल्या माणसाचा प्रयोग फसतो तिथे पॉज करा, 'आता तुम्ही काय कराल?' विचारा, साहित्य हातात द्या, उरलेला भाग नंतर बघा. मग त्याचा उपाय आणि आपला उपाय यावर मुलं आपोआप भांडतात.

आणि बक्षीस आधी जाहीर करू नका प्लीज. १९७३ च्या एका प्रयोगात चित्रं काढायची आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांना आधीच प्रमाणपत्राचं आमिष दाखवलं, तर नंतर मोकळ्या वेळात ती मुलं चित्रं कमी काढायला लागली. ज्यांना न सांगता अचानक प्रमाणपत्र दिलं त्यांच्यात तसं झालं नाही. द्यायचंच असेल तर नंतर द्या, आणि ज्याचा पूल तीनदा पडला त्यालाही द्या.