मोबाइल जाळ्यातील विलंब

विलंब म्हणजे मोबाइलवरून निघालेले पॅकेट (माहितीचा छोटा तुकडा) सर्व्हरपर्यंत जाऊन त्याचे उत्तर परत येईपर्यंत जाणारा वेळ. तो मिलिसेकंदांत मोजतात. वेग आणि विलंब या निराळ्या गोष्टी आहेत. जाहिरात मात्र वेगाचीच होते.

यात अंतराचा वाटा थोडा. फायबरमधून प्रकाश मिलिसेकंदाला सुमारे २०० किलोमीटर जातो, त्यामुळे सावंतवाडी-मुंबई ये-जा पाचेक मिलिसेकंदांत व्हावी. खरा वेळ खातात त्या पॅकेटांच्या रांगा. गणपतीत चाकरमानी गावी आले की रेंज फुल्ल दिसूनही आरतीचा व्हिडिओ कॉल अडखळतो, कारण रेंजच्या दांड्या सिग्नलचा जोर दाखवतात, टॉवरवरची गर्दी नव्हे. ४जी टॉवर दर मिलिसेकंदाला कोणाला आपल्या क्षमतेचा किती वाटा द्यायचा ते ठरवतो. डोंगराआडच्या वाडीतल्या कमजोर सिग्नलच्या फोनला तेवढ्याच माहितीसाठी जास्त वाटा लागतो, आणि तो इतरांच्या वाट्यातून जातो. काही रांग तर आपलीच असते: त्याच फोनवरून मखराचा व्हिडिओ अपलोड होत असेल, तर कॉलची पॅकेटे फोनमध्येच त्याच्यामागे तुंबतात.

पॅकेट गळू नये म्हणून उपकरणांत मोठमोठे बफर, म्हणजे पॅकेटे थांबवून ठेवायच्या जागा, ठेवले गेले. पाठवण्याचा वेग सांभाळणाऱ्या ‘टीसीपी’ या इंटरनेटच्या नियमावलीतल्या जुन्या पद्धती पॅकेट गळल्यावरच वेग कमी करतात. गळतच नाही म्हटल्यावर बफर भरत राहतो. या दुखण्याला ‘बफरब्लोट’ म्हणतात. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये मांडलेली ‘कोडेल’ पद्धत रांगेची लांबी न बघता पॅकेट किती वेळ ताटकळले ते बघते. ही ताटकळ सलग १०० मिलिसेकंद ५ मिलिसेकंदांच्या वर राहिली, की ती पॅकेटे टाकू लागते. ऐकायला उफराटे, पण उपाय लागू पडतो. पॅकेट न टाकता त्यावर गर्दीची खूण करणाऱ्या ‘एलफोरएस’ची मानके २०२३ मध्ये आली.

कोकणात अडचण पुष्कळदा टॉवरच्या मागे, म्हणजे त्याला पुढच्या जाळ्याशी जोडणाऱ्या दुव्यात असते. फायबर न पोचलेल्या सड्यावरचा (कातळपठारावरचा) टॉवर मायक्रोवेव्ह डिशने पुढे जोडतात. साधारण १० गिगाहर्ट्झच्या वरच्या लहरी मुसळधार पावसात क्षीण होतात. दुवा तुटू नये म्हणून उपकरण सावकाश पण भक्कम पद्धतीवर उतरते, क्षमता घटते आणि रांग तिथे लागते. भाद्रपदात पाऊस आणि गर्दी एकदमच येतात. अशा ठिकाणी ५जी बसवून फोन ते टॉवर हा हवेतला वेळ वाचला, तरी मागचा दुवा अरुंद असेल तर रांग तिथेच राहते. तिथे फायबर टाकणे हाच उपाय.